दुकानातल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड नेमका कुणाकडे आहे?

इतवारीतलं होलसेल दुकान असो, धरमपेठेतलं क्लिनिक असो, नाहीतर तुमच्या अपार्टमेंटचं पार्किंग. कॅमेरा असतोच. पण त्याचा पासवर्ड काय, असं मालकाला विचारून बघा. बरेचदा उत्तर येतं, 'तो बसवणाऱ्यालाच माहीत.'

हे उत्तर किती महागात पडतं, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटला दिसलं. एका प्रसूती रुग्णालयात महिलांची तपासणी सुरू असतानाचं सीसीटीव्ही फुटेज यूट्यूब आणि टेलिग्रामवर पोहोचलं होतं. टेलिग्रामवर तर ते पैसे घेऊन विकलं जात होतं. अहमदाबाद सायबर पोलिसांनी सुरुवातीला अटक केलेल्या आरोपींमध्ये लातूर आणि सांगलीचे तरुण होते. पुढे बातम्यांमधून समोर आलं की तिथला पासवर्ड होता 'अ‍ॅडमिन१२३'. फॅक्टरीतून आला तसाच.

असे पासवर्ड कुणी बसून ओळखत नाही. सॉफ्टवेअर एकामागून एक वापरून बघतं. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने फक्त साठेक तयार पासवर्डांच्या यादीवर जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्यांचाच वापर करून ट्विटर आणि नेटफ्लिक्ससुद्धा काही तास अडवले गेले.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची आहे. चांगलंच आहे, पण सीताबर्डीत पाच वर्षांपूर्वी भिंतीवर चढलेल्या कॅमेऱ्याला त्याचा काय उपयोग?

तो तुम्हालाच बघावा लागेल. बसवणाऱ्याला आजच फोन करा, डीव्हीआर आणि राउटर दोन्हींचे पासवर्ड मागून घ्या आणि स्वतः बदला. डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा. मग कॅमेऱ्याचं ॲप कुणाकुणाच्या मोबाईलवर सुरू आहे ते तपासा. मागच्या दिवाळीत काम सोडून गेलेल्या मुलाच्या फोनवर तुमचा गल्ला आजही दिसत असेल! (हॅकरपेक्षा मला याचीच भीती जास्त वाटते.)

ग्राहकांना वाय-फाय देत असाल तर राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' सुरू करा. बिलिंगचा कॉम्प्युटर आणि कॅमेरे त्यावर नकोत.

आणि कॅमेरा मोबाईलवर बघायची खरंच गरज आहे का? नसेल तर डीव्हीआरची नेटची वायर काढून टाका. रेकॉर्डिंग थांबत नाही, ते आतल्या हार्ड डिस्कवर होत राहतं. बाहेरच्याला मात्र नेटवरून आत यायची वाटच उरत नाही.

तपासणीच्या किंवा कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा असेल, तर पासवर्डचा विषयच नाही. तो आधी उतरवा. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचं चित्रण करणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते.