बाटलीवरचे फूल, झाडावरचे पान

जयपूरच्या जवाहर नगरातील दुकान असो की पुण्याच्या कोथरूडमधील, सुगंधी वस्तूंच्या फळीवर फुलांच्या नावांची रेलचेल असते. अत्तरे, साबण, मेणबत्त्या या सर्वांना कोणते ना कोणते फूल हवे असते. त्याच मालिकेत ‘युकॅलिप्टस ब्लॉसम’, म्हणजे निलगिरीचा मोहर, हे नावही भेटते. जयपूरकर या झाडाला ‘सफेदा’ म्हणतो, मराठी माणूस ‘निलगिरी’. ऑस्ट्रेलियातून आलेल्या वृक्षाला दक्षिण भारतातील एका पर्वताचे नाव चिकटावे, ही गंमत मराठीने निमूटपणे पचवली आहे. बाटलीवरच्या त्या मोहराचे नाव मात्र तितक्या निमूटपणे स्वीकारण्याचे कारण नाही.

निलगिरीचे फूल पाहिलेल्यांना एक गोष्ट आठवत असेल. त्याला पाकळ्या दिसतच नाहीत. पाकळ्या आणि निदले जुळून कळीवर एक छोटी टोपी तयार होते. फुलण्याच्या वेळी ती टोपी गळून पडते आणि आतून पुंकेसरांचा झुबका बाहेर येतो. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए यांनी १७८८ मध्ये या प्रजातीला नाव दिले, ते या टोपीवरूनच. ‘युकॅलिप्टस’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ ‘नीट झाकलेले’. फुलांत मकरंद भरपूर असतो, म्हणून मधमाश्या तेथे गर्दी करतात. वासही असतो, सौम्य आणि मधासारखा. परंतु लहान फुले, उंच फांद्या आणि मंद गंध, एवढ्या भांडवलावर ऊर्ध्वपातनाचे भांडे चढत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे निलगिरी तेल पानांचे असते आणि त्याचा तो ओळखीचा थंड, झणझणीत वास मुख्यतः १,८-सिनिओल या संयुगाचा.

मग बाटलीतील ‘मोहर’ येतो कोठून? तो बहुधा सुगंधकाराच्या मेजावर रचला जातो, आणि त्यात गैर काहीच नाही. जिवंत फुलावर काचेचा घुमट बसवून त्याभोवतीच्या हवेतील रेणू टिपायचे, वायू-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमिती यांनी ते ओळखायचे आणि पुन्हा जुळवायचे, ही पद्धत गेल्या काही दशकांत रुळली आहे. फूल तोडावेही लागत नाही. कधी याहून सोपा मार्ग असतो: थोडा मध, थोडा हिरवेपणा, थोडे सिनिओल, आणि वर एक सुंदर नाव.

खरी नवलाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती बाटलीवर कोणी छापत नाही. निलगिरीच्या कुळात लिंबाच्या वासाचा एक वृक्ष आहे. पूर्वी त्याला युकॅलिप्टस सिट्रिओडोरा म्हणत. १९९५ मध्ये त्याची रवानगी कोरिंबिया या प्रजातीत झाली. त्याच्या पानांच्या तेलात सिट्रोनेलाल हे अल्डिहाइड बहुतांशाने असते. त्याच्या रेणूतील दुहेरी बंधावर पाण्याचा एक रेणू बसवला की हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल मिळते. विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. ही क्रिया आम्लात होते, आणि आम्लात मोकळे सोडलेले सिट्रोनेलाल स्वतःवरच वळून कडे तयार करते. म्हणून जुन्या पद्धतीत त्याचा अल्डिहाइड गट आधी सोडियम बायसल्फाइटने झाकून ठेवत, काम झाल्यावर झाकण काढत. ‘नीट झाकलेल्या’ झाडाच्या तेलाला हे साजेसेच म्हणायचे.

हाती येणारा वास लिंबाचा नसतो. तो असतो ‘लिली ऑफ द व्हॅली’ या युरोपीय फुलाचा. हे फूल सुगंधकारांच्या लेखी मुके; गंध मोहक, पण ऊर्ध्वपातनाने किंवा द्रावकाने कामाचे तेल देत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल आले आणि मुक्या फुलाला वाचा फुटली. १९१२ च्या ‘केल्क फ्लर’ आणि १९५६ च्या ‘दिओरिसिमो’ या नामांकित अत्तरांत त्याचा उपयोग झाला. आज सिट्रोनेलाल सिट्रोनेला गवतापासूनही मिळते, टर्पेंटाइनपासूनही घडवता येते. तरीही एका झाडाच्या पानातून दुसऱ्या खंडातील फुलाचा गंध उभा राहतो, हे रसायनशास्त्राचे देणे कोणत्याही काल्पनिक मोहरापेक्षा मोठे आहे. ते लपवून फुलाचे चित्र छापणे हा ग्राहकाच्या अज्ञानावर केलेला धंदा होय.

यात केवळ रसिकतेचा प्रश्न नाही, त्वचेचाही आहे. हायड्रॉक्सीसिट्रोनेलालमुळे काहींना स्पर्शजन्य अॅलर्जी होते. युरोपीय संघाने २००५ पासून अशा २६ सुगंधद्रव्यांची नावे वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याहून आणि धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्क्याहून अधिक प्रमाण असेल, तर नाव द्यावेच लागते. २०२३ मध्ये ही यादी आणखी वाढवण्यात आली. भारतात अनेक वेष्टनांवर ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेगरन्स’ या एका शब्दात सारा मामला उरकलेला असतो. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हा युक्तिवादही टिकत नाही. त्या २६ नावांतील जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल अस्सल गुलाबाच्या तेलातही असतात. एखाद्या मुलीच्या मानेवर चट्टे उठले, तर तिच्या डॉक्टरांना फुलाचे चित्र उपयोगी पडत नाही. त्यांना रेणूचे नाव लागते.

फुलांचा खरा व्यापार पाहायचा असेल तर सिंधुदुर्गात जावे. वेंगुर्ल्याच्या परिसरात सुरंगीच्या कळ्या झाडावर चढून काढल्या जातात, वाळवल्या जातात आणि सुगंधी द्रव्यांसाठी विकल्या जातात. तेथे फुलाच्या नावामागे फूल असते आणि फांदीवर जीव सांभाळून चढलेला माणूसही. प्रयोगशाळेत रचलेला मोहर त्याच फळीवर, त्याच ‘फुलांच्या’ ओळीत मांडला जातो, तेव्हा कळ्या काढणाऱ्याच्या श्रमाचे मोल घटते आणि रसायनतज्ज्ञाच्या बुद्धीचे श्रेयही बुडते. दोन्ही वस्तू विकल्या जाव्यात. एकीवर ‘सुरंगीच्या कळ्यांपासून’ असे लिहावे, दुसरीवर ‘निलगिरीच्या मोहरासारखा रचलेला सुगंध’, आणि खाली घटकांची नावे, वाचता येतील एवढ्या टंकात.