अंगणात तणनाशक मारू नका. मी मारत होतो म्हणून सांगतो



आठ दिवस पावसाची झड होती. उघाड पडली तसा काल गावातून एक चक्कर मारला. आपल्या फुलसावंगीत पाच-सहा घरांसमोर गवत पिवळं पडलेलं दिसलं. एका घरासमोर तर सगळं अंगण करपलं होतं आणि त्याच करपल्या गवतात कोंबड्या पाय मारून राहिल्या होत्या. शेजारी एक लेकरू अनवाणी खेळत होतं. घरधन्याला विचारलं, काय मारलं? तर म्हणे, "वावरातलं उरलं होतं, तेच मारलं. काही होत नाही त्यानं, भाऊ."

हे वाक्य मी स्वतः दहा वर्षं बोललो आहे. म्हणून आज लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट साफ करतो. मी तणनाशकाच्या विरोधात नाही. सोयाबीनमध्ये मी मारतो, उसात मारतो. निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर रोज परवडत नाही, आणि झड लागली की डवरा चालत नाही. ज्याच्या वावरात कुंदा आणि हरळी आहे त्याला पुस्तकी ज्ञान सांगून उपयोग नाही. पण वावर वेगळं आणि अंगण वेगळं. वावरात फवारून आपण घरी येतो. अंगणात फवारून आपण तिथेच बसतो, तिथेच बाज टाकतो, तिथेच लेकरू रांगते.

आपण अंगणात काय मारतो ते बघू. घरगुती वापराचं तणनाशक अशी वेगळी बाटली मी तरी आपल्याकडच्या दुकानात पाहिली नाही. शहरात मॉलमध्ये असेल. अमेरिकेत घरच्या हिरवळीसाठी आधीच पाणी घालून पातळ केलेल्या बाटल्या मिळतात. आपण मारतो ते वावरासाठी बनवलेलं घट्ट औषध. त्यात आपल्या भागात तीन नावं चालतात: ग्लायफोसेट, पॅराक्वाट आणि टू-फोर-डी. लोक तिघांनाही "गवताचं औषध" म्हणतात. तिघांचा स्वभाव मात्र अगदी वेगळा आहे.

ग्लायफोसेटच्या बाटलीवर ४१ टक्के लिहिलेलं असते. म्हणजे ४१ भाग ग्लायफोसेटचा क्षार. मग राहिलेले ५९ भाग काय? बरंचसं पाणी, आणि औषध पानाला चिकटून आत शिरावं म्हणून घातलेलं साबणासारखं द्रव्य. या द्रव्याचं नाव बाटलीवर बहुतेक नसतेच. ग्लायफोसेट झाडाच्या ज्या क्रियेवर घाव घालते ती क्रिया माणसात नाही, म्हणून ते माणसाला सुरक्षित, असं आपल्याला सांगतात. क्रियेचं म्हणणं खरं आहे. पण आपल्या अंगावर उडते ते नुसतं ग्लायफोसेट नसते, सगळी बाटली असते. चरबीपासून बनवलेलं असंच एक चिकटद्रव्य ग्लायफोसेटमध्ये घालायला युरोपने २०१६ मध्ये बंदी केली. डोळ्यात घट्ट औषध उडालं की जी आग होते तिच्यात या द्रव्याचाही वाटा असतो.

कॅन्सरचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामक संस्था हे मानत नाहीत. भांडण चालू आहे. पण २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात शाळेच्या मैदानांवर हे औषध मारणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या बाजूने ज्युरीने निकाल दिला. असे हजारो खटले झाले, आणि बायर कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केलं की अमेरिकेतल्या घरगुती बाजारात २०२३ पासून ग्लायफोसेट ऐवजी दुसरे घटक देऊ. कंपनी म्हणते हे खटल्यांमुळे, औषध धोक्याचं आहे म्हणून नाही. असू द्या. तिथल्या घराच्या अंगणातून ते कंपनीनेच काढलं, एवढं मी लक्षात ठेवलं.

आणि आपल्याकडे? केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ ची अधिसूचना आहे की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रण चालकांनीच मारायचं. त्याआधीही त्याची शिफारस चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढीच होती. आपल्या जिल्ह्यात चहाचा मळा कुठे आहे ते मला दाखवा. तरी पंप घेऊन कोण फिरते हे सगळ्यांना माहीत आहे. चोरून येणारं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं आलं तसं हे औषधही घरोघरी आलं, आणि वावरातून उरलेलं अंगणात आलं.

आता मात्रेचा हिशोब. एकराला साधारण एक लिटर धरतात. एकरात ४० गुंठे, म्हणजे गुंठ्याला २५ मिली. आपलं अंगण, परसबाग, गोठ्यामागचा भाग मिळून बहुतेकांचं एक गुंठाच भरते. आपण काय करतो? १५ लिटरचा पंप भरतो, त्यात १०० मिली टाकतो, कोणी "कडक पाहिजे" म्हणून १५० टाकते, आणि पंप रिकामा होईपर्यंत त्याच गुंठ्यात फिरतो. म्हणजे वावराच्या चौपट ते सहापट. तेही जिथे लेकरं खेळतात तिथे! मी हिशोब कागदावर मांडला तेव्हा मलाच लाज वाटली.

पॅराक्वाटची गोष्ट वेगळी आहे, आणि मी खरं तर याच्यासाठीच लिहून राहिलो. हे दोन दिवसांत गवत जाळते म्हणून लोकांना आवडते. पिवळ्या त्रिकोणाचं औषध आहे. याला उतारा नाही. एक घोट पोटात गेला तरी माणूस जातो, आणि लगेच जात नाही. पहिल्या दिवशी तोंड-घसा भाजतो, मग किडनी बसते, आणि फुप्फुस हळूहळू निबर होत जाते. माणूस शुद्धीवर असतो आणि श्वास पुरत नाही. श्वास लागला म्हणून ऑक्सिजन लावावा तर या विषात ऑक्सिजननेच फुप्फुसाचं नुकसान वाढते. डॉक्टरचेही हात बांधलेले. ओडिशात बुर्ला इथल्या सरकारी मेडिकलमधल्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये याच्या बंदीसाठी आंदोलन केलं, ते असे पेशंट हातातून जाताना पाहूनच. युरोपात २००७ पासून ते बंद आहे. काही देशांत त्यात मुद्दाम रंग, घाण वास आणि उलटीचं औषध घालतात, चुकून कोणी पिऊ नये म्हणून.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. धुऱ्यावर मारायला मी पॅराक्वाट आणलं होतं, अर्धी बाटली उरली. चुलतभाऊ म्हणाला, अंगणापुरतं दे थोडं. मी कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून दिलं. नाव लिहिलं नाही, काही नाही. त्याने अर्धं वापरलं आणि बाटली खिडकीत ठेवली. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो तर त्याची चार वर्षांची नात ती बाटली घेऊन माझ्याकडेच आली. म्हणे, "आबा, उघडून दे." झाकण घट्ट होतं, तिला उघडलं नव्हतं. एवढंच. झाकण सैल असतं तर मी आज हे लिहायला नसतो बसलो, आणि भावाच्या घरी पायही ठेवला नसता. ओतून देणारा मीच होतो, दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही.

त्या दिवसापासून मी औषध कोणाला सुटं दिलं नाही. मागितलं तर बाटली दाखवतो, लेबल वाचायला लावतो, आणि नाही म्हणतो. काही जणांना राग आला. येऊ द्या.

टू-फोर-डीचं थोडक्यात सांगतो. हे रुंद पानाचं गवत मारते. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेने जंगलावर जे फवारलं त्यातला अर्धा भाग हेच होतं. तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची दुखणी मुख्यतः दुसऱ्या अर्ध्या भागातल्या डायॉक्सिनमुळे झाली, हेही सांगायला पाहिजे, उगीच भीती घालायची नाही. पण कपाशीला याचा वारा सहन होत नाही. मी एकदा घरामागचं गाजर गवत मारलं आणि पंप नुसता दोनदा विसळला. त्याच पंपाने पऱ्हाटीवर फवारणी केली. आठ दिवसांत सहा तासांची पानं भेंडीच्या पानासारखी चिरून लांबोळी झाली. त्या झाडांना नीट बोंड धरलंच नाही. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा असं कृषी विद्यापीठवाले ओरडून सांगतात, ते मला सहा तासं घालवून समजलं.

लेबलावरच्या त्रिकोणाबद्दल एक गैरसमज आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा. लोकांना वाटते हिरवा म्हणजे निर्धोक. तो रंग मुख्यतः एकाच वेळी पोटात किंवा कातडीवर गेलं तर किती विषारी, एवढंच सांगतो. रोज थोडं थोडं, दहा-वीस वर्षं अंगावर गेलं तर काय, हे त्या रंगात नाही.

२०१७ चं साल आपण यवतमाळकर विसरलो नसू. कपाशीच्या फवारणीत वीसपेक्षा जास्त माणसं आपल्या जिल्ह्यात गेली, शेकडो मेडिकलला भरती झाली. ती मुख्यतः कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती. पण सवयी त्याच होत्या: उघडं अंग, वाऱ्याची दिशा न पाहणं, हातानं ढवळणं, तोंडानं नोझल फुंकणं. तेव्हापासून वावरात तरी काही जण रुमाल बांधतात, हातमोजे घालतात. अंगणात मात्र "दहा मिनिटांचं तर काम आहे" म्हणून बनियनवरच पंप पाठीला.

दुसरी बाजूही खरी आहे. गवत का काढावं लागते? साप. पावसाळ्यात घराशेजारी गवत वाढलं की मण्यार, घोणस येते, आणि रात्री-बेरात्री दवाखाना गाठेपर्यंत काय होते ते सांगायला नको. मच्छर वेगळेच. त्यामुळे "गवत राहू द्या, निसर्ग आहे" म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. गवत काढायलाच पाहिजे. पण फवारलेलं गवत वाळून तिथेच उभं राहते, सापाला आडोसा तसाच राहतो. कापलेलं, उपटलेलं गवत जागा मोकळी करते. साप टाळायचा तर विळा आणि खुरपंच जास्त कामाचं.

अजून एक, जे बाया मंडळींनी माझ्या लक्षात आणून दिलं. आखाडात आपल्याकडे तरोटा, घोळ, कुंजरा खुडतात. कुठून? धुऱ्यावरून, गोठ्यामागून, रस्त्याच्या कडेने. ग्लायफोसेट मारलेलं पान पहिले तीन-चार दिवस हिरवंच दिसते. फवारलं एकाने, खुडलं दुसरीने, आणि शिजलं तिसऱ्याच घरी. बकरीचंही तेच. आता ज्याने धुरा फवारला त्याने तिथे काडीला चिंधी बांधावी आणि गल्लीत सांगावं, एवढं तरी करा.

तरोट्यावरून आठवलं. गाजर गवत आपलं नाही, १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि मग सगळीकडे पसरलं. तरोटा त्याला दाबून टाकतो, आणि जबलपूरची तण संशोधन संस्थाही गाजर गवताच्या जागी तरोट्याचं बी फेकायला सांगते. आपण सगळं जाळतो तेव्हा तरोटाही जातो, आणि मोकळ्या जागेत आधी कोण येते? गाजर गवतच. माझ्या गोठ्यामागे मी हे तीन पावसाळे पाहिलं. आता तिथे तरोटा राहू देतो आणि गाजर गवत फूल येण्याआधी उपटतो, हातमोजे घालून, कारण त्याची खाज वाईट.

मोबाईलवर मीठ, व्हिनेगर, साबण असे घरगुती नुस्खे फिरतात. मीठ टाकू नका. तणनाशक कधी ना कधी मातीत कुजते, मीठ कुजत नाही. भिंतीच्या पायाला आणि कढीपत्त्याच्या झाडाला ते नडते. व्हिनेगर पान जाळते, मूळ तसंच राहते. फरशीच्या फटीतल्या गवतावर भाताची पेज काढल्यासारखं उकळतं पाणी ओता, तेवढ्यानं भागते. जळकं ऑईल टाकणारेही आहेत, त्यांना काय म्हणावं!

दुकानदारांना एक विनंती. सुटं औषध विकणं कायद्यात बसत नाही, आणि ओळखीच्या माणसाला दिलं तरी बसत नाही. ग्रामपंचायतीलाही सांगणं आहे की शाळेचं पटांगण आणि अंगणवाडीचं आवार फवारू नये. दोन दिवस चार माणसं लावली तर सगळं साफ होते.

ज्याच्या घरात आत्ता उरलेली बाटली आहे त्याने आजच बघावी. मूळ बाटलीत आहे का, कुलुपात आहे का. कोणाच्या पोटात चुकून गेलंच तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. बाटली लेबलासकट सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा, त्याची तब्येत बरी दिसली तरी थांबू नका, कारण पॅराक्वाटमध्ये पहिले दोन दिवस माणूस बराच दिसतो.

पोळा जवळ आला आहे. आमच्या गल्लीत ठरलं की पोळ्याच्या आधीच्या रविवारी प्रत्येक घरचं एक माणूस खुरपं घेऊन निघणार. चुलतभावाच्या अंगणापासून सुरुवात आहे, चहा त्याच्याकडे.