यमकाला कशाला शिक्षा?

गेल्या वीकांताला दादाकडे गेलो होतो. पुतणी पहिलीत आहे. तिने पुस्तक उघडून अख्खी कविता धडाधड 'वाचून' दाखवली. मी सहज मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, तर बाईसाहेब गप्प! मग पहिल्या ओळीपासून म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत आल्या. म्हणजे पाठांतर शंभर टक्के, वाचन शून्य.

शाळेने यावर काय उपाय काढावा? यमकांची चित्रपुस्तकं कपाटात बंद! "गाणी पुरे, आता बाराखडी घोटून घ्या." इथे माझं डोकं फिरलं. अहो, पुस्तकाचा काय दोष? पुस्तक मिटून म्हणून घेतलंत, तर पोरं पाठच करणार ना!

अमेरिकेत जॉन हर्सींनी १९५४ मध्ये 'लाइफ' मासिकात शाळेतल्या रटाळ वाचनपुस्तकांना झोडपलं. त्यानंतर १९५७ मध्ये डॉ. स्यूस यांचं 'द कॅट इन द हॅट' आलं. अवघे २३६ वेगवेगळे शब्द, आणि सगळी गोष्ट यमकात. पुढे १९८३ मध्ये ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी 'नेचर'मध्ये लहान मुलांवरचा प्रयोग मांडला. शब्दांतले सारखे आवाज ओळखायला शिकवलं आणि जोडीला प्लॅस्टिकची अक्षरंही हाताळायला दिली, ती मुलं वाचनात सर्वांत पुढे गेली. कान आणि डोळा, दोन्ही एकदम!

आणि मराठीत तर हे आणखी सोपं. इंग्रजीत 'टू', 'शू', 'ब्लू' यांचं यमक जुळतं, पण स्पेलिंगची शेपटं तीन तऱ्हेची. आपल्याकडे नाक, चाक, हाक. कानाला सारखं तेच डोळ्यालाही सारखं. पहिलं अक्षर बदललं की अर्थ बदलला.

मग वर्गात करायचं काय? आधीची ओळ 'नाक'वर संपली, पुढच्या चित्रात बैलगाडी आहे. शेवटचा शब्द पट्टीने झाका. पोरं ओरडतील, "चाक!" आता पट्टी काढा आणि अक्षरं तपासायला लावा. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर यमक म्हणजे चेकसम. खरा डेटा अक्षरातच असतो, पण गडबड झाली की चेकसम लगेच बोंब मारतो.

रविवारी पुतणीबरोबर हेच केलं. एके ठिकाणी तिने 'हात' वाचलं, थबकली, "काका, हे जुळत नाही" म्हणाली आणि पुन्हा अक्षरांकडे बघून स्वतःच 'हाक' केलं. पाठ म्हणताना ती अशी कधी अडलीच नसती.

असो. कपाटाची किल्ली कोणाकडे असते, एवढं विचारायला सोमवारी शाळेत जाणार आहे.