नोंद आईच्या नावावर होते

मुळशी तालुक्यातली हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं आयटी पार्कमुळे जगाला ठाऊक झाली. तिथल्या कंपन्यांतून मुलं न्यू जर्सीला, टेक्सासला, कॅलिफोर्नियाला गेली आणि त्यांच्यामागोमाग आई-वडीलही जाऊ लागले. कुणी सुनेच्या बाळंतपणाला, कुणी नातवाचं तोंड पाहायला. अशा घरांतून एक सल्ला फार सहज दिला जातो: ‘आलाच आहात तर राहा अजून दोन-चार महिने. म्हाताऱ्या माणसांना कोण विचारतंय?’ सल्ला मायेपोटी दिलेला असतो. तरीही तो चुकीचा आहे, आणि माझ्या मते अन्यायाचाही आहे. मुक्काम लांबवायचं ठरवतो मुलगा. तिकीट तो काढतो, कागद तो भरतो. पाळणाघराचे पैसे त्याचे वाचतात. त्याच्या नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आईच्या जादा मुक्कामाचा थेट परिणाम होत नाही. कायद्याची सगळी शिक्षा आईच्या नावावर लागते, आणि जिला ती लागते तिला बहुतेक वेळा काही सांगितलेलंही नसतं.

या सल्ल्याच्या बाजूने जे बोललं जातं ते एकेक करून पाहू.

पहिलं म्हणणं, ‘व्हिसा तर दहा वर्षांचा आहे.’ व्हिसावरची तारीख एवढंच सांगते, की अमेरिकेच्या दारात उभं राहून प्रवेश कधीपर्यंत मागता येईल. आत किती दिवस राहायचं ते उतरल्यावर तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत जाते. बी-२ व्हिसावर आलेल्या पाहुण्याला बहुधा सहा महिने मिळतात. पासपोर्टची मुदत त्याआधीच संपत असेल तर तारीख आणखी अलीकडे येऊ शकते. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ही नोंद संगणकावरच असते. ती सरकारी संकेतस्थळावरून काढून पाहावी लागते. पौडच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या आईने ती स्वतः शोधावी, ही अपेक्षा धरू नये. आई उतरली त्याच दिवशी ती पाहून ठेवणं हे मुलाचं काम.

दुसरं म्हणणं, ‘निघताना तिथे कोण तपासतं?’ अमेरिकेतून बाहेर पडताना मुंबईसारखी इमिग्रेशनची रांग नसते, हे खरं. पण विमान कंपनी प्रत्येक प्रवाशाची माहिती सरकारला कळवते आणि आल्या-गेल्याच्या तारखा जुळवल्या जातात. शिवाय पुढचा व्हिसा मागताना अर्जातच प्रश्न असतो, की आधी कधी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का. तिथे ‘नाही’ लिहून पाहू, असं कुणी सुचवलं तर त्याला जागच्या जागी थांबवावं. जादा राहिल्याची बंदी ठरावीक वर्षांनी संपते. व्हिसासाठी जाणूनबुजून खोटं सांगितल्याची बंदी मात्र आपोआप कधीच संपत नाही.

ही वर्षं किती, तेही नीट माहीत हवं. अमेरिकेने १९९६ मध्ये इमिग्रेशनचा कायदा कडक केला. मुदतवाढीचा अर्ज न करता आय-९४च्या तारखेनंतर एक दिवस जरी राहिलं तरी त्या मुक्कामाचा व्हिसा रद्द होतो, मग त्यावर आठ वर्षं शिल्लक का असेनात. १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं प्रवेश बंद. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं. पासष्टीच्या आईच्या आयुष्यात दहा वर्षं म्हणजे काय, हे मुलाने मनाशी मोजून पाहावं. मे २०२५ मध्ये दिल्लीच्या अमेरिकी दूतावासाने भारतीयांना इशारा दिला, त्यात कायमच्या बंदीची भाषा होती. ती वाचून काही घरांनी जाणंच रद्द करावं, हेही मला पटत नाही. कायद्यात पायऱ्या आहेत. त्या माहीत असल्या तर घाबरायचं कारण नाही आणि बेफिकीर व्हायलाही जागा नाही.

तिसरं म्हणणं सर्वांत वजनदार आहे: ‘मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला की आईचं सगळं माफ होतं.’ यात सत्य आहे. एकवीस वर्षांपुढच्या नागरिकाची आई रीतसर व्हिसावर आत आलेली असेल, तर मुदत उलटूनही तिथेच राहून ती ग्रीन कार्डचा अर्ज करू शकते. पण हिंजवडीहून गेलेली बहुसंख्य मुलं नागरिक नाहीत. भारतात जन्मलेल्यांसाठी नोकरीवरच्या ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांहून लांब आहे, त्यापुढे नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षं, आणि नुसत्या ग्रीन कार्डवर आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. म्हणजे एवढी वर्षं आईने देश सोडायचाच नाही. कारण बंदी लागू होते ती बाहेर पाऊल टाकल्यावर. इकडे भुकूमला तिचा सख्खा भाऊ गेला तर दहाव्याला येता येणार नाही, आणि आलीच तर नातवंडं दुरावतील. मुलगा नागरिक असून तिने ग्रीन कार्डचा अर्ज केलेला असेल, तरी परतीची पूर्वपरवानगी हातात येईपर्यंत तिने निघायचं नाही. अशी परवानगी घेऊन गेलेल्यांना दहा वर्षांची बंदी लागत नाही, असा निवाडा तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळाने २०१२ मध्ये दिला. तो खटला एका भारतीय दांपत्याचाच होता आणि ते दोघं इकडच्या वृद्ध आई-वडिलांना भेटायला आले होते. पण अर्जच नसेल तर परवानगी कुठली?

बंदी लागल्यावर माफी मागता येते ना, असं विचारतात. कायम राहायला जायचं असेल तर अर्जदाराच्या नवऱ्याला, बायकोला किंवा आई-वडिलांना अतोनात हाल सोसावे लागतील असं सिद्ध करावं लागतं, आणि ती माणसं अमेरिकेची नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावी लागतात. मुलाचे हाल या हिशोबात धरतच नाहीत. ज्या मुलासाठी आई थांबली, त्याचं दुःख तिच्या कामी येत नाही. नुसत्या भेटीसाठी वेगळी सवलत मागता येते, पण ती पूर्णपणे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर.

‘मग कायदाच निर्दय आहे,’ असं कुणी म्हणालं तर मी अर्धा त्याच्या बाजूने आहे. अमेरिकेच्या १९९३च्या कायद्याने बाळंतपणासाठी बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी, आणि प्रत्येकाला नाही. त्या घराला आजी लागते ती या उणिवेपायी. कॅनडाने २०११ मध्ये आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा सुरू केला, आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं. ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये तीन किंवा पाच वर्षांचा पालक-व्हिसा आणला. दोन्हीकडे मूल नागरिक किंवा कायमचं रहिवासी असावं लागतं, पण वाट तरी आहे. अमेरिकेकडे अशीच सोय मागायला हवी. तिथल्या मराठी मंडळांनी ती मागावी, आपल्या परराष्ट्र खात्याने व्यापाराच्या बोलण्यांत ती मांडावी. मात्र कायदा बदलेपर्यंत तो मोडण्याची जोखीम घरातल्या सर्वांत वयस्कर माणसावर टाकणं, याला मी लढा म्हणणार नाही.

सहा महिने ही तुटपुंजी मुदत नाही. मुळशीत आंबेमोहोर, इंद्रायणी कापून दिवाळी उरकली की निघावं आणि रोहिणीत रोप टाकायच्या आत परतावं, म्हणजे शेतीही सांभाळली जाते आणि तारीखही. पुढच्या खेपेला सुनेचे आई-वडील जातील. आईला तिथे दवाखान्यात ठेवावं लागलं, डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हटलं, तर आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज तारखेच्या आत भरावा, शक्यतो दीड महिना आधी. डॉक्टरांचं पत्र, खर्चाच्या सोयीचा पुरावा आणि परत जाणार असल्याची खूण त्यासोबत असावी. वेळेत भरलेल्या अर्जावर निर्णय येईपर्यंतचे दिवस बेकायदा मुक्कामात धरत नाहीत. २०२० च्या मार्चअखेर भारताने आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली, तेव्हा अमेरिकेत अडकलेल्या आई-वडिलांसाठी हाच अर्ज होता. अडकलेल्यांना परत आणणारी वंदे भारतची उड्डाणं मे महिन्यात सुरू झाली, तोवर ज्यांनी तो भरला होता ते बिनघोर राहिले. अर्ज नामंजूर झाला तर दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते. त्या आठवड्यातच निघावं.

आणि ज्यांची तारीख आधीच उलटली आहे त्यांनी ‘आता काय, झालंच ना’ असं म्हणून बसून राहू नये. मूल नागरिक असेल तर तिकीट काढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठावं. नसेल, तर आय-९४च्या तारखेपासून किती दिवस झाले ते आजच मोजावं. १८० च्या आत बाहेर पडलं तर व्हिसा गेलेला असेल, पण तीन वर्षांची बंदी लागणार नाही. मुंबईच्या वकिलातीत नव्याने अर्ज करता येईल, उशीर का झाला ते खरं खरं सांगता येईल. मिळेलच याची खात्री नाही, पण अर्जाचा हक्क शिल्लक राहतो. १८१व्या दिवशी निघालेल्या आईकडे तीन वर्षं उरते ती फक्त अधिकाऱ्यांच्या मर्जीवरची सवलत.