भिंतींचा करुणरस

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक रंग नेमून दिला आहे. शृंगार श्याम, हास्य शुभ्र, रौद्र तांबडा, अद्भुत पिवळा. करुणरसाच्या वाट्याला आला तो कपोतवर्ण, म्हणजे आपला पारवा. हे कोष्टक परीक्षेपुरते पाठ केलेल्या वाचकांनी नुकत्याच रंगवलेल्या एखाद्या सदनिकेत जाऊन पाहावे. बैठकीच्या खोलीत फिकट पारवा, शयनगृहात त्याहून फिकट पारवा, स्वयंपाकघरात दुधाळ पांढऱ्यात विरघळलेला पारवा, आणि या सर्वांशी 'मॅचिंग' पडदे. भरताचे प्रमाण मानायचे तर मराठी मध्यमवर्ग कर्जाचे हप्ते फेडत करुणरसात राहायला गेला आहे, असेच म्हणावे लागेल.

विनोद बाजूला ठेवू. पारव्या रंगाशी आमचे वैर नाही. आक्षेप आहे तो 'रंगसंगती' या चांगल्या शब्दाच्या आसनावर गुपचूप येऊन बसलेल्या 'मॅचिंग' या कल्पनेवर. संगती म्हणजे सोबत. सोबतीला निदान दोघे लागतात आणि ते दोघे वेगळे असावे लागतात. मॅचिंगला मात्र एकच रंग पुरतो, बाकीच्यांनी त्याच्यासारखे दिसण्याचा यत्न करायचा असतो. हा केवळ शब्दच्छल आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी मर्ढेकर आठवावेत. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या पुस्तकातली संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मराठीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी उत्तरपत्रिकांत उतरवली, आणि आम्ही शिक्षकांनी त्यांना गुण दिले. ही तत्त्वे सर्व कलांना लागू करता येतात का, यावर वादही पुष्कळ झाले. परंतु वर्गात विरोधलय शिकवून घरी परतणारा प्राध्यापक स्वतःच्या भिंतींच्या बाबतीत फक्त संवादावर का भागवतो, हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आला नाही. विरोध वजा केल्यावर समतोल कशाचा राखायचा? एकाच पारड्याचा तराजू कधी कलत नाही, हे खरे. पण त्याने वजनही करता येत नाही.

हा प्रश्न आम्हालाही वेळेवर पडला नाही, हे कबूल करायला हवे. काही वर्षांपूर्वी जुनी जागा सोडून आम्ही नव्या इमारतीत राहायला आलो. रंगाबाबत सल्ला द्यायला एक नम्र तरुण लॅपटॉप घेऊन आला. पडद्यावर आमच्याच खोल्या त्याने तीन-चार प्रकारे रंगवून दाखवल्या आणि शेवटी एका छटेवर बोट ठेवून म्हणाला, "सर, हा सेफ आहे." आम्ही 'सेफ' या शब्दावर विरघळलो. भिंती, दारे, चौकटी, न्हाणीघराच्या फरश्या, सर्वत्र तीच सायीसारखी छटा आली. आलेगेलेले सर्व जण 'किती शांत वाटतं' म्हणाले.

आईचे वय तेव्हा एकोणऐंशी. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची नजर मधोमध विरलेली. तिसऱ्या की चौथ्या रात्री जाग आली तेव्हा ती बोळात भिंतीवरून हात फिरवत उभी होती. न्हाणीघराचे दार तिच्यापासून हातभर अंतरावर होते आणि दिवाही लागलेला होता. आम्ही दार उघडून दिले. ती आत जाता जाता म्हणाली, "याला काठच नाही रे. कुठनं धरायचं?"

या वाक्याने आमच्या अभिरुचीचे जेवढे वाभाडे काढले तेवढे आजवर कोणत्याही समीक्षकाने काढलेले नाहीत.

आईचे म्हणणे शास्त्राला धरून होते. फ्रान्समधल्या गोबलँ या राजाश्रयी विणकामशाळेत १८२४ साली रंगखात्याचा प्रमुख म्हणून मिशेल शव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रुजू झाला. काळा रंग नीट चढत नाही, फिका दिसतो, अशा तक्रारी त्याच्याकडे आल्या. त्याने काळ्या धाग्याची परीक्षा केली, तर धाग्यात खोट नव्हती. दोष होता तो शेजारच्या रंगांचा. निळ्या-जांभळ्याच्या सान्निध्यात तोच काळा निस्तेज भासत होता. १८३९ साली त्याने या अनुभवातून रंगांच्या परस्परविरोधावर ग्रंथ लिहिला, आणि पुढच्या चित्रकारांच्या कित्येक पिढ्यांनी तो पचवला. कोणताही रंग एकटा दिसत नाही, शेजाऱ्यासह दिसतो, हे त्याचे सार. दोन रंगांची सीमा जिथे पडते तिथेच डोळ्याला वस्तू सापडते. सीमा पुसली की दारही भिंत होते.

यातही एक मेख आहे. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकी चित्रकाराने १९०५ साली रंग मोजण्याची जी पद्धत मांडली तिच्यात तीन मापे आहेत: रंगाची जात, त्याचा उजळपणा आणि त्याची तीव्रता. निळा आणि हिरवा यांची जात वेगळी. पण दोघांचा उजळपणा सारखा असेल तर मंद नजरेला ते एकमेकांत मिसळलेले दिसतात. म्हणून ब्रिटनमधील सुगम्य इमारतींच्या मानकात दार आणि भिंत यांसारख्या लगतच्या पृष्ठभागांमध्ये प्रकाश परावर्तित करण्याच्या मापात ३० अंकांच्या फरकाची शिफारस आहे. तीस अंक म्हणजे रंगपत्रिकेतली पुढची पट्टी नव्हे, चांगला ठळक विरोध. मर्ढेकरांनी ज्याला लयतत्त्व म्हटले, ते म्हाताऱ्या माणसाला रात्री न्हाणीघरापर्यंत नेणारे साधन आहे.

आई 'काठ' म्हणाली याचे आम्हाला आधी नवल वाटले. नंतर नवल वाटल्याची लाज वाटली. मराठी घरात रंगसंगतीची परंपरा कुठे असेल तर ती कपाटात आहे. हिरव्या पैठणीला हिरवे काठ मागणारी बाई आम्ही पाहिलेली नाही. काळ्या चंद्रकळेला लाल काठ लागतो. धूपछाव पैठणीत तर उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. नेसणारी हलली की रंग हलतो. साडीच्या दुकानात मांडी घालून बसलेल्या बायका जो काथ्याकूट करतात, तो अस्सल उपयोजित सौंदर्यशास्त्राचा पाठ असतो, आणि त्याची परिभाषाही मराठी असते: आमसुली, डाळिंबी, अबोली, गुलबक्षी, मोरपंखी, शेवाळी, चिंतामणी, श्रीखंडी, अंजिरी. ही नावे स्वयंपाकघरातून, परसातून, रानातून आलेली आहेत. नाव घेताच रंगासोबत वासही येतो. हीच बाई घराच्या भिंतींपाशी आली की तिला रंगपत्रिका दिली जाते, तिच्यावर इंग्रजी नाव आणि खाली आकडा. तिचे पन्नास वर्षांचे ज्ञान त्या क्षणी निरुपयोगी ठरते, कारण ते ज्या भाषेत आहे ती भाषा त्या पत्रिकेला येत नाही. आपल्या भाषेत रंगांना शब्द कमी आहेत अशी तक्रार करणाऱ्या साहित्यिकांनी एकदा साडीच्या दुकानात जाऊन यावे.

आमच्या या मतावर जे आक्षेप येतात ते ठरलेले आहेत. पहिला: फिकट रंगाने खोली मोठी दिसते. हे खोटे नाही. फिकट भिंत प्रकाश अधिक परतवते आणि कोंदट खोली उघडी वाटते. पण त्यासाठी चौकट, दार, कपाट आणि भिंत यांना एकाच रंगात बुडवावे लागत नाही. शिवाय मोठी दिसणारी खोली मोठी होत नाही. तिच्यात वावरणाऱ्याला कोपरा कुठे आहे हे कळणे अधिक गरजेचे. दुसरा आक्षेप: उद्या घर विकायचे झाले तर गिऱ्हाइकाला चालेल असा रंग बरा. म्हणजे स्वतःच्या घरात पुढच्या मालकाचे भाडेकरू होऊन राहायचे. रंग हा घरातला सर्वांत स्वस्तात बदलता येणारा भाग आहे; त्याच्याही बाबतीत अनोळखी माणसाची मर्जी राखणाऱ्यांच्या भित्रेपणाला व्यवहारज्ञान म्हणणे आम्हाला जमत नाही. दिशेनुसार रंग सांगणारे वास्तुतज्ज्ञ याच भित्रेपणावर जगतात. निवड टळली याचाच लोकांना आनंद असतो, मग ती संगणकाने टाळून द्यावी की ग्रहांनी.

तिसरा आक्षेप अधिक सुसंस्कृत आहे: पांढरेपणा हीच आधुनिकता, रंग हा ग्राम्यांचा सोस. ल कॉर्ब्युझिएने १९२५ साली घराघरांतले जुने भिंतकागद काढून पांढरा रंग द्या असा जणू कायदाच पुकारला होता, हे खरे. मात्र १९३१ साली याच गृहस्थाने एका स्विस भिंतकागद कंपनीसाठी ४३ छटांचा संच तयार केला, आणि सोबत खिडक्या कापलेले पुठ्ठे दिले, ज्यांतून एका पार्श्वभूमीवर दोन-तीन रंग शेजारी ठेवून पाहता यावेत. पांढऱ्याच्या प्रवक्त्यालाही अखेर रंगांचे शेजार तपासावे लागले. आमच्या आधुनिकांनी त्याचा पहिला अर्धा भाग वाचला.

साहित्याच्या अभ्यासकांना तर हे उपदेश करायची गरजच पडू नये. पोच्या 'द मास्क ऑफ द रेड डेथ' (१८४२) या कथेतला राजपुत्र सात दालने सजवतो. पहिल्या सहांत भिंतींचा रंग आणि खिडकीच्या काचेचा रंग तंतोतंत एक. सातव्यात भिंती काळ्या आणि काच रक्तासारखी लाल. पाहुणे बिचकतात ते या सातव्या दालनाशी, आणि कथा संपते तीही तिथेच. अर्थ कुठे निर्माण होतो हे पोला ठाऊक होते. युइस्मांसच्या 'आ रबूर' (१८८४) मधला विक्षिप्त नायक रात्री जागणारा. म्हणून तो रंग दिव्याच्या उजेडात पारखतो, निळा त्या उजेडात हिरवट पडतो म्हणून नाकारतो, नारिंगी निवडतो आणि त्याच्या शेजारी गडद निळीचे पट्टे ओढतो. या नायकाच्या बाकीच्या छंदांचे आम्ही समर्थन करणार नाही, पण ज्या उजेडात राहायचे त्याच उजेडात रंग पाहायचा हा त्याचा नियम आमच्या त्या लॅपटॉपवाल्या तरुणापेक्षा शहाणपणाचा होता. उत्तरेच्या खोलीत वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, तिथला उजेड थंड. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी सगळेच पिवळे होते. बोटभर पट्टीवर सौम्य वाटलेला रंग चारी भिंतींवर चढला की एका भिंतीचा उजेड दुसरीवर पडून दाट होतो. लहान डबा आणून दोन हात रुंदीचा तुकडा रंगवावा, तो सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली पाहावा, आणि पाहताना फरशीचा रंगही मोजावा, कारण सर्वांत मोठा रंग पायाखाली असतो आणि तो कोणी धरतच नाही. एवढे केले तर सल्लागाराची गरज निम्मी उरते.

जुन्या घरांचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतू नाही. माजघरे अंधारी होती. चुन्याची सफेदी स्वस्त म्हणून होती, तिच्यात नीळ पडे ती पिवळेपणा झाकायला, आणि खालचा चार फुटांचा तेलरंगाचा गडद पट्टा डोक्याच्या तेलाचे डाग लपवायला. शेणाने सारवण्याचे कष्ट बाईचे होते, आणि कोणाच्या भिंतीला चुना व कोणाच्या भिंतीला माती हे जात आणि ऐपत ठरवत. तरीही त्या गडद पट्ट्याची वरची रेघ अंधारात हाताला आणि डोळ्याला वाट दाखवी. तिथे गरजेने विरोध राखला होता. इथे सुबत्तेने तो पुसला.

आमच्या घराचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. रंगाऱ्याला पुन्हा बोलावले. न्हाणीघराची चौकट कोणत्या रंगाची हवी असे विचारताच आई एका दमात म्हणाली, "आमसुली." दुकानातल्या मुलाला आमसुली कळेना. त्याने पत्रिका पुढे केली, तर आईला पत्रिका दिसेना. शेवटी तिने ट्रंकेतून जुन्या खणाचा एक तुकडा काढून दिला. दुकानातल्या यंत्राने त्या कापडाचा रंग मोजला, त्याचा आकडा काढला आणि तासाभरात डबा घरी आला. डब्यावर आकडा होता, इंग्रजी नाव होते. आईने त्यावर पट्टी चिकटवून पेनाने 'आमसुली' असे लिहायला लावले, पुढच्या खेपेला शोधायला बरे म्हणून.

त्यानंतर रात्री बोळात भिंत चाचपण्याचा आवाज आम्ही ऐकला नाही. पाहुणे येतात, त्या एका चौकटीकडे पाहून थबकतात आणि संकोचून विचारतात, "हे मुद्दाम केलंय? बाकीच्याशी मॅच होत नाही." आम्ही होय म्हणतो. यंदा दिवाळीपूर्वी उरलेल्या चार चौकटी रंगवायच्या आहेत, आणि कोणती कोणत्या रंगाची हे ठरवायचे काम आम्ही आईकडे सोपवले आहे.