विश्लेषण : हजार यार्डांवरचा नेम… कारखान्याचे बॅरल पुरेसे की कस्टमच हवे?

अमेरिकेतील रुगर कंपनीने २०१५ मध्ये ‘रुगर प्रिसिजन रायफल’ बाजारात आणली. किंमत होती सुमारे १,४०० डॉलर. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत उतरायचे तर आधी कुशल बंदूक कारागीर गाठायचा आणि रायफल बांधून घ्यायची, हा शिरस्ता त्यानंतर झपाट्याने बदलला. आज फिनलंडची टिक्का, स्पेनची बर्गारा अशा कंपन्या अचूकतेची हमी देऊन रायफली विकतात. तरीही अव्वल स्पर्धक कारखान्याच्या बॅरलवर समाधान मानत नाहीत. ही केवळ हौस आहे की त्यामागे हिशोब आहे?

लांब पल्ला म्हणजे किती?

या खेळाचे मुख्य अंतर १,००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर. पाल्मा ही ८००, ९०० आणि १,००० यार्डांवरची स्पर्धा १८७६ पासून होते. इंग्लंडमधील बिस्ले हे या खेळाचे १८९० पासूनचे मोठे केंद्र. दुर्बीण आणि आधार वापरून खेळला जाणारा ‘एफ-क्लास’ प्रकार कॅनडात सुरू झाला. अमेरिकेतील एफ-क्लासच्या १,००० यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १० इंच व्यासाचे असते. त्याच्या आत ‘एक्स’चे ५ इंची वर्तुळ असते आणि बरोबरी झाल्यास ‘एक्स’ मोजले जातात.

नेमबाज अचूकता ‘एमओए’त मोजतात. हा एका अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर तो साधारण एक इंच होतो, १,००० यार्डांवर साधारण दहा इंच. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक जिंकले, त्यातील दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. कोनाच्या हिशोबात ते सुमारे ०.७ एमओए भरते. म्हणजे दोन्हीकडे अपेक्षित बारकावा जवळपास सारखाच. हजार यार्डांवर मात्र गोळी दीड सेकंदाच्या आसपास हवेत असते आणि तेवढ्या वेळात बारीक दोषही मोठा होतो.

दोन बॅरलमध्ये फरक नेमका कुठे असतो?

बॅरलच्या आतील पीळदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि स्थिर राहते. या खाचा पाडण्याच्या तीन पद्धती प्रमुख आहेत. ‘हॅमर फोर्जिंग’मध्ये खाचांचा उलटा ठसा असलेला कठीण दांडा नळीत घालून बाहेरून यांत्रिक हातोड्यांचे घाव घातले जातात. काही मिनिटांत नळी तयार होते, म्हणून मोठ्या कारखान्यांना ती सोयीची. ‘बटन’ पद्धतीत कार्बाइडचा तुकडा नळीतून एकदाच ओढून किंवा ढकलून खाचा दाबल्या जातात. ‘कट’ पद्धतीत कातणारे हत्यार दर फेरीला पोलादाचा अगदी पातळ थर काढते. तिला वेळ लागतो, पण धातूवर ताण कमी येतो. अमेरिकेतील क्रीगर आणि बार्टलाइन हे नामवंत उत्पादक कट पद्धत वापरतात, तर शिलेन आणि लिल्जा बटन पद्धत. म्हणजे पद्धतीवरून दर्जा ठरवता येत नाही.

खरा फरक पुढच्या कामात आहे. कस्टम उत्पादक शिशाच्या ठोकळ्याला घर्षणाची पेस्ट लावून नळी आतून हाताने घासतात. त्यामुळे व्यास टोकापासून टोकापर्यंत एकसारखा राहतो. मग कारागीर काडतूस बसते ती जागा, म्हणजे चेंबर, नळीच्या मध्याशी नेमका जुळवून आणि ठरावीक गोळीच्या मापाने कापतो. कारखान्याला मात्र बाजारातील कोणत्याही कंपनीचे काडतूस सुरक्षित बसेल अशी सैल जागा ठेवावी लागते.

मग कारखान्याचे बॅरल कमअस्सल का?

मुळीच नाही. संगणकनियंत्रित यंत्रांमुळे त्यांचा सरासरी दर्जा खूप उंचावला आहे. अडचण सरासरीची नसून खात्रीची आहे. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींपैकी एक उत्तम निघते, दुसरी जेमतेम. कस्टम बॅरलचा ग्राहक जास्तीचे पैसे मोजतो ते हा नशिबाचा भाग कमी करण्यासाठी.

‘१ एमओए’ची हमी कितपत कामाची?

अशी हमी अनेकदा तीन गोळ्यांच्या गटावर दिली जाते, तर हजार यार्डांच्या एका फेरीत साधारणपणे २० गोळ्या मोजल्या जातात. गोळ्या वाढल्या की गट पसरतोच. संख्याशास्त्रानुसार तीन गोळ्यांचा सरासरी गट १ इंच असेल, तर त्याच रायफलचा दहा गोळ्यांचा गट सरासरी दीड इंचाच्या पुढे आणि वीस गोळ्यांचा १.९ इंचांच्या जवळ जातो.

हेच हजार यार्डांवर नेले, तर ‘१ एमओए’च्या रायफलचा वीस गोळ्यांचा पसारा सुमारे १९ इंच होतो आणि दहाचे वर्तुळ आहे फक्त १० इंचांचे. वारा शून्य आणि नेमबाज निर्दोष असला तरी काही गुण हातचे जाणारच. तीन गोळ्यांचा गट अर्ध्या एमओएत बसवणाऱ्या बॅरलचा पसारा मात्र नऊ-साडेनऊ इंचांत, जेमतेम वर्तुळात मावतो. अव्वल स्पर्धकांचा खर्च या गणितातून येतो.

पैशांचा हिशोब काय सांगतो?

अमेरिकेत कोरे कस्टम बॅरल साधारण ३५० ते ५०० डॉलरला मिळते. चेंबर कापून बसवण्याची मजुरी धरली तर खर्च ८०० डॉलरच्या घरात जातो. शिवाय बॅरल झिजते. तप्त वायूंमुळे चेंबरपुढचा भाग जळत जातो. ६.५ क्रीडमूर काडतुसाला स्पर्धेच्या दर्जाचे आयुष्य ढोबळमानाने दोन ते तीन हजार गोळ्यांचे, तर .३०८ला त्याहून बरेच अधिक. अडीच हजार गोळ्या धरल्या तर बॅरलचा खर्च दर गोळीमागे सुमारे ३२ सेंट पडतो. स्पर्धेच्या दर्जाचे तयार काडतूस मात्र दीड-दोन डॉलरच्या आसपास जाते. म्हणजे या खेळात बॅरलपेक्षा सराव महाग आहे.

नवख्याने काय करावे?

येथे वारा निर्णायक ठरतो. .३०८च्या गोळीसाठी वाऱ्याचा अंदाज ताशी एका मैलाने चुकला, तर हजार यार्डांवर नेम साधारण ८ ते १० इंच सरकतो. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ५ इंच आहे. त्यामुळे वारा वाचता न येणाऱ्याला सर्वोत्तम बॅरलही वाचवू शकत नाही. त्याने कारखान्याचे बॅरल झिजेपर्यंत वापरावे आणि तेच ८०० डॉलर काडतुसांवर खर्च करावेत. गोळी कुठे लागेल याचा अंदाज बरोबर येऊ लागला, तरीही गुण निसटत राहिले, की बॅरल बदलण्याची वेळ आली असे समजावे.

स्पर्धांचे नियम काय म्हणतात?

एफ-क्लासच्या ‘एफ-टीआर’ गटात काडतूस .२२३ किंवा .३०८ आणि वजन ८.२५ किलोपर्यंत अशी बंधने आहेत, पण कस्टम बॅरलला मनाई नाही. अमेरिकेतील ‘प्रिसिजन रायफल सिरीज’ने मात्र कारखान्यातून आलेल्या रायफलींसाठी किमतीची मर्यादा घालून वेगळा ‘प्रॉडक्शन’ गट ठेवला आहे. खेळ केवळ खिसा जड असणाऱ्यांचा राहू नये, यासाठी असा गट महत्त्वाचा. बॅरल विकत घेता येते, वाऱ्याची जाण मात्र मैदानावरच कमवावी लागते.