घरबसल्या एम. ए. होईल, पण पुढे?

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. वय ४३. बी. कॉम. झाल्यावर एकोणीस वर्षे पतसंस्थेत काउंटरवर नोकरी. यजमान वाळूजला कंपनीत, मुलगी पुण्याला शिकते, मुलगा यंदा दहावीला, सासूबाईंचे गुडघे धरलेले. त्या लिहितात, “पासबुक भरायला येणाऱ्या बायका माझ्यापाशी थांबतात. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या पोराने शाळा सोडली. मी ऐकून घेते. आता हेच काम नीट शिकून करायचंय. मानसशास्त्रात एम. ए. करावं म्हणते. हे म्हणतात, घरबसल्या होत असेल तर कर. एका संस्थेची जाहिरात आलीय, दोन वर्षांचा ऑनलाइन कोर्स. पंधरा तारखेपर्यंत पहिला हप्ता अठरा हजार. भरू का?”

नाही, ताई, भरू नका.

कारण सांगते. काही काळापूर्वी हा प्रश्न आला असता तर मी वेगळे उत्तर दिले असते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे मानसशास्त्राचे एम. ए. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला करता येत असे. नोकरी आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या बाईला ती मोठीच सोय होती. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. आरोग्यसेवेशी संबंधित व्यवसायांसाठी २०२१ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्यात मानसशास्त्रज्ञही आले. म्हणून हा निर्णय. ज्यांनी आधीच पदवी घेतली त्यांनी घाबरू नये, प्रश्न नव्या प्रवेशाचा आहे. तेव्हा आज जर कुणी ‘घरबसल्या एम. ए.’ विकत असेल, तर आधी त्याच्याकडून आयोगाचे मान्यतापत्र मागा. फोनवर गोड बोलणारी मुलगी “हो मॅडम, सगळं मान्यताप्राप्त आहे” म्हणेल. कागद मागा.

यजमानांची अट आणि आयोगाचा नियम समोरासमोर उभे राहिले आहेत, हे मला दिसते. त्याकडे येतेच. पण त्याआधी तुम्ही कोणत्या नावाने काम करणार, हे ठरवायला हवे. अभ्यासक्रम त्यावरून निवडायचा असतो, आणि बहुतेक जणी नेमके उलटे करतात.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषध लिहून देणारे. ती वाट एम. बी. बी. एस.वरून जाते, ती सोडून द्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. परिषदेचा कायदा १९९२ चा आहे आणि नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते, असे त्यात लिहिले आहे. नोंदणीसाठी आजवर एम. ए. नंतर परिषदेच्या मान्यतेचे दोन वर्षांचे पूर्णवेळ एम. फिल. करावे लागे. एम. फिल. ही पदवीच आता मोडीत निघाली; क्लिनिकलच्या प्रवेशांना तेवढी २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली होती. म्हणजे ही वाट सध्या खोदून ठेवलेल्या रस्त्यासारखी आहे. आणि तुम्हांला ती हवी आहे, असे पत्रावरून मला वाटलेही नाही.

उरले समुपदेशन. शाळेत काम करायचे असेल तर मानसशास्त्राचे एम. ए. उपयोगी, सी. बी. एस. ई.च्या शाळांना समुपदेशक नेमावा लागतो. पण ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात मनाच्या आजाराचे एकही उदाहरण नाही. आहेत ती दारू, मारहाण, घरातून काढून दिलेली सून, हातात पैसा नसणे. ही दुःखे ऐकणारी माणसे आपल्याकडे बहुधा समाजकार्याच्या शिक्षणातून येतात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे असे कक्ष राज्यभर झाले, आणि तिथे बसतात त्या समाजकार्याच्या पदवीधर. कुटुंब न्यायालयातही समुपदेशक असतात. म्हणून मानसशास्त्राच्या एम. ए. शेजारी एम. एस. डब्ल्यू. हे नावही कागदावर लिहून ठेवा. बी. कॉम. असणे त्याला सहसा आड येत नाही, आणि त्यात प्रत्यक्ष क्षेत्रकार्य अभ्यासाचाच भाग असते. (घरबसल्या तेही होत नाही, हे ओघाने आलेच.)

आता एक स्पष्ट बोलते. “बायकांना हे मुळातच येतं” असे लोक म्हणतात, आणि कौतुक म्हणूनच म्हणतात. मला ते पटत नाही. मी या पानावर जे करते आहे, म्हणजे ‘हे करा, ते करू नका’, तेच तिथे करायचे नसते. काउंटरवर तुम्ही ऐकता तेव्हा मागे रांग असते, आणि त्याच बाईच्या कर्जाचा कागद तुमच्या टेबलावर असतो. तिथे ती काय सांगते आणि काय गिळते, कोण जाणे. बंद दाराआड, तिच्या कुठल्याच व्यवहारात नसलेल्या माणसाने ऐकणे निराळे. ते वाचून येत नाही. अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, चुका करत, त्या चुका मोठ्याने कबूल करत शिकावे लागते.

म्हणून एका दिवसाची रजा काढून विद्यापीठात जाऊन या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात मानसशास्त्र विभाग आहे. बी. कॉम.ला थेट प्रवेश मिळतो की आधी काही करावे लागते, हजेरी किती, हे कार्यालयात विचारा. मग प्राध्यापकांना भेटा आणि विचारा, की दोन वर्षांत विद्यार्थी खऱ्या माणसांसमोर किती तास बसतो? कुठे बसतो, घाटी रुग्णालयात, शाळेत, की फक्त प्रयोगवहीत? त्याच्यावर देखरेख कोण करतो? शक्य झाले तर शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला कँटीनमध्ये चहा पाजा. ती जे सांगेल ते माहितीपत्रकात नसते. हेच प्रश्न एम. एस. डब्ल्यू.च्या कॉलेजातही विचारा. तीन महिन्यांत ‘प्रमाणित थेरपिस्ट’ करून देणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारून पाहा, बहुधा फोन ठेवतील.

राहिले घर. यजमानांनी ‘नको’ म्हटलेले नाही, ‘घरबसल्या’ म्हटले आहे. घरबसल्या म्हणजे नेमके काय, ते त्यांच्याकडून काढून घ्या. पगार बंद होण्याची काळजी आहे, की सासूबाईंना दुपारी एकटे ठेवण्याची, की ‘या वयात कॉलेज’ असे वाळूजच्या बसमध्ये कुणी म्हणेल याची? पहिल्या दोहोंवर हिशेब मांडता येतो, आणि हिशेब तुम्हांला माझ्यापेक्षा चांगला येतो. दोन वर्षांची फी, बिनपगारी रजा मिळेल का, मुलीच्या शिक्षणाचा खर्च कधी संपतो, दुपारी चार तास बाई ठेवली तर किती, हे सगळे एका कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा. यंदा मुलाची दहावी आहे, तेव्हा प्रवेश पुढच्या वर्षी घेतलात तरी काही बिघडत नाही. तोपर्यंत एखाद्या महिला समुपदेशन केंद्रात रविवारी मदतीला जाता येते का पाहा. चार रविवारांत तुम्हांलाच कळेल, रोज हे ऐकून घरी आल्यावर तुम्ही भाकरी थापू शकता का.

आणि विद्यापीठातून काय उत्तरे आली ते मला जरूर लिहा. याच प्रश्नाची आणखी दोन पत्रे माझ्याकडे आहेत, एक जालन्याचे, एक परभणीचे.